जोडलेली भुवई

टचमास्तरांचं एक मत होतं. ते त्यांनी पन्नास वर्षांत बदललं नाही. काळ्या-पांढऱ्या सिनेमात सुंदर बाई एकच होऊन गेली, बाकी सगळी गर्दी. तिची भुवई नाकाच्या मुळापासून निघायची आणि कानाच्या वाटेवर अलगद खाली उतरायची. मध्ये ठेच नाही, खंड नाही. मास्तर तिला नुसतं ‘धनुष्य’ म्हणायचे.

समोरच्या दुकानातल्या शिंप्याचं मतही तितकंच जुनं होतं. त्याची बाई वेगळी. ती हसली की तिच्या उजव्या गालाला खळी पडायची. डाव्याला पडायची नाही. शिंप्यानं तिचं नाव ‘खळी’ ठेवलं होतं.

“तुझी धनुष्य म्हणजे साबणाच्या वेष्टनावरची बाई,” शिंपी म्हणायचा. “बघितली, हात धुतले, विसरलो.”

“आणि तुझी खळी? एका गालाला खड्डा, दुसरा सपाट. रस्त्याचं काम अर्धवट टाकून मुकादम पळाला, तसा.”

“अरे टच, तोच तर जीव आहे तिचा. दोन्हीकडे सारखी असायला ती काय उशी आहे?”

“टेपा, तुला काय कळणार? तू माणसं गळ्याखालीच बघितलीस.”

हे रोज चालायचं. दुपारच्या चहाला सुरू व्हायचं आणि कुणाचं तरी गिऱ्हाईक आलं की थांबायचं. निकाल कधीच लागला नाही. लागावा असं कुणाला वाटतही नव्हतं.

मास्तर फोटो-स्टुडिओत रिटचिंगला होते. फोटो काढणारा वेगळा. फिल्म धुऊन वाळली की मास्तरांच्या तिरक्या काचेवर यायची. काचेखाली दिवा, डोळ्याला भिंग, हातात सुईसारखी टोकदार पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. गोरं ते काळं, काळं ते गोरं. सुरकुती घालवायची असेल तर तिच्यावर पेन्सिलीचे बारीक ठिपके द्यायचे, फोटोत ती उजळून नाहीशी होते. भुवई भरायची असेल तर तिथलं काळं सुरीच्या टोकानं खरवडायचं, फोटोत केस उमटतात. काम फिल्मच्या खरबरीत बाजूवर चालायचं. त्या बाजूनं चेहऱ्याची डावी उजवी होते. मास्तरांना त्याचं काही नव्हतं. गिऱ्हाइकाला फोटो सुलटच मिळायचा.

पेन्सिल टर्पेंटाइननं पुसता येते. सुरीचं काम पुसता येत नाही. म्हणून सुरी जपून, असं मालकांनी पहिल्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, बायकांना जरा त्या सिनेमातल्या बाईची झाक दे, गिऱ्हाईक परत येतं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मास्तरांनी गावातल्या दोन पिढ्यांच्या बायकांना धनुष्याची भुवई दिली.

“तुझ्या फोटोत सगळ्या बायका एकाच आईच्या पोटच्या वाटतात,” शिंपी म्हणायचा. “एखाद्या दिवशी नवरे बदलतील आणि कुणाला कळणारही नाही.”

फक्त एक बाई तक्रार घेऊन परत आली होती. थिएटरात अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीपर्यंत नेण्याचं तिचं काम. नवी नवी लागली होती. ओळखपत्रासाठी तिनं फोटो काढला, आणि थिएटरच्या मॅनेजरनं विचारलं, “हा कुणाचा चिकटवलास?” ती तडक स्टुडिओत आली. मास्तरांच्या काचेवर फोटो ठेवला.

“ही कोण?”

“तुम्हीच,” मास्तर म्हणाले. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. “जरा नीट केलंय.”

“मला कुणी मोडलं होतं?”

तिची एक भुवई मधोमध तुटलेली होती. तीन वर्षांची असताना उंबऱ्यावर पडली होती. तांदळाच्या दाण्याएवढी जागा, तिथं केस पुन्हा आलेच नाहीत. मास्तरांनी ती जागा जोडून टाकली होती. त्यांनी माफी मागितली, दुसरा फोटो काढायला लावला, आणि तोही जोडला. हाताची सवय. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

गाव तिला बॅटरीबाई म्हणायचं. दुपारचा खेळ सुटला आणि संध्याकाळचा लागायचा असला की ती मधल्या वेळात स्टुडिओत यायची. पाय लांब करून बाकावर बसायची. हे दोघे तिला पंच करू बघायचे.

“वहिनी, तुम्हीच सांगा,” शिंपी म्हणायचा. “तुम्ही दोघींनाही शंभर शंभर वेळा बघितलंय.”

“मी कुठं बघितलंय? मी पडद्याकडे पाठ करून उभी असते.”

“असं कसं? जरा तरी मान वळत असेल.”

“माझं काम खुर्च्यांकडे बघायचं. धनुष्य आली की बाया एकमेकींच्या कानाला लागतात. खळी आली की माणसं शेंगदाणे खायची थांबतात. एवढंच मला माहीत.”

“बघ!” शिंपी टाळी वाजवायचा. “शेंगदाणे थांबले! याच्यापुढे आणखी काय पुरावा पाहिजे?”

मास्तर चिडायचे. एकदा असंच चिडून त्यांनी धनुष्याचा जुना फोटो भिंतीवरून काढला आणि तिच्यापुढे धरला. “ही भुवई बघ आणि मग बोल.”

तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “याच्यावरही कुणीतरी बसलं असेल. तुमच्यासारखंच. पेन्सिल घेऊन.”

मास्तरांनी फोटो परत भिंतीवर लावला. ही गोष्ट त्यांना कधी सुचली नव्हती. दुसऱ्या दिवशी वाद जिथून थांबला होता तिथून पुन्हा सुरू झाला.

मंगळवारी सकाळी बॅटरीबाई गेली. चहा पिऊन झाला होता. ती खुर्चीत बसली होती, मास्तर खिडकी उघडत होते. खिडकीची कडी जाम होती. ती काढून वळेपर्यंत झालं होतं. त्यांनी तिला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

बुधवारी मुलगी आली. ती लांबच्या शहरात शाळेत शिकवते. रविवारी तिला परत जायचं होतं. जे करायचं ते सगळं झालं. लोक आले, बसले, गेले. शिंपी रोज येऊन दाराजवळच्या स्टुलावर बसायचा. त्यानं सिनेमाचं नाव काढलं नाही. मास्तर सांगितलं की जेवायचे, सांगितलं की झोपायचे. रडू आलं नाही. ते स्वतःकडेही दुसऱ्याचं निगेटिव्ह बघावं तसं बघत होते. कुठं काय करायचं बाकी आहे, एवढंच.

शुक्रवारी मुलगी म्हणाली, “बाबा, आईचा एक फोटो द्या. मी घेऊन जाणार आहे. भिंतीवर लावायला.”

मास्तर उठले. कपाटातला अल्बम काढला. दर वर्षी लग्नाच्या तारखेला ते बायकोचा एक फोटो काढून घ्यायचे. स्टुडिओत फिल्म होती तोवर ते चुकलं नाही. तीस फोटो. मुलीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली. मग उलटी, शेवटपासून पहिल्यापर्यंत.

“बाबा, यात आई नाही.”

“सगळे तिचेच आहेत.”

“ही कुणीतरी नटी आहे. आईची भुवई तुटलेली होती. हनुवटीजवळ तीळ होता. कुठंय?”

“मी काढला.”

“कशाला?”

शिंपी स्टुलावर खाली बघत बसला.

मुलीनं मोबाइल काढला. त्यात अलीकडचे फोटो होते. एकाही फोटोत भुवई तुटलेली नव्हती. आई रोज सकाळी तोंड धुतलं की आरशापुढे उभी राहून भुवई काढायची, पेन्सिलीनं. गेली त्या सकाळीही काढलेली होती. मुलीनं मोबाइल पालथा ठेवला.

“माझ्या घरात परकी बाई लावणार नाही मी. एक तरी तिचा स्वतःचा शोधा, बाबा. रविवारपर्यंत. नाहीतर नको मला. रिकामी भिंत चालेल.”

मास्तरांनी मान हलवली. त्यांना समजलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक उलटं काम घेऊन आलं होतं.

शनिवारी सकाळी ते स्टुडिओत गेले. मालक वारले, आता त्यांचा पुतण्या चालवतो. पासपोर्टचे फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. त्याला मास्तरांची कीव आली.

“काका, बसा. कम्प्युटरवर दोन मिनिटांत तोडून देतो भुवई. कुठली, डावी की उजवी?”

“उजवी,” मास्तर म्हणाले.

मुलगी बरोबर आली होती. “डावी,” ती म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“मी रोज बघितलीय, बाबा. तोंड धुऊन यायची तेव्हा.” तिनं हात स्वतःच्या कपाळाकडे नेला. आधी एका भुवईकडे, मग दुसरीकडे. “ती माझ्यासमोर असायची. म्हणजे माझ्या या बाजूला. म्हणजे तिच्या...” ती थांबली. हात तसाच राहिला. “की आरशात बघायचे मी?”

पुतण्या माउसवर हात ठेवून बसला होता. “अंदाजानं करू का? नंतर बदलता येईल.”

“नको,” मास्तर म्हणाले.

ते रस्ता ओलांडून शिंप्याकडे गेले. शिंपी कापड कापत होता. त्यानं कात्री खाली ठेवली.

“टेपा, तिची कुठली भुवई तुटलेली होती?”

शिंप्यानं विचार केला. खूप वेळ केला. “मला तुटलेली कधी दिसलीच नाही रे.”

“चाळीस वर्षं समोर बसायची ती.”

“तूही समोरच होतास.” मग त्यानं गळ्यातली टेप सरळ केली. “खांदा सांगतो. डावा खांदा अर्धा इंच खाली. बॅटरी धरून धरून झाला असेल. मी तिच्या कपड्यांना आतून पट्टी घालायचो, सारखा दिसावा म्हणून. तिला कधी सांगितलं नाही.”

“तिला माहीत होतं?”

“माहीत नाही.”

मास्तर घरी आले. तिच्याशेजारी ते बेचाळीस वर्षं झोपले होते. डोळे मिटून तिचा चेहरा आठवायला गेले तर भुवई जोडलेलीच दिसायची. दोन्हीकडे, अखंड, छान. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच. दुसऱ्या कुणी फोटो काढले असते तर प्रश्नच आला नसता. शेजारच्या स्टुडिओतला रिटचर आळशी होता.

दुपारी त्यांनी पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. त्यात निगेटिव्ह होती. प्रत्येक बटरपेपरच्या पाकिटात, वर तिच्या अक्षरात वर्ष. तिरकी काच त्यांनी निवृत्त होताना घरी आणली होती, ती टेबलावर मांडली. खाली दिवा लावला. भिंग पुसलं. मुलगी शेजारी खुर्ची ओढून बसली.

त्यांनी तिसाव्या वर्षाचं निगेटिव्ह घेतलं. कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाइन घेऊन खरबरीत बाजूवरून फिरवलं. कापूस काळा झाला. डोळ्यांखाली वर्तुळं आली. ओठांच्या कडेला दोन रेषा आल्या. हनुवटीजवळ तीळ आला. मुलगी पुढे वाकली.

“आली,” ती म्हणाली.

भुवई मात्र अखंडच राहिली. मास्तरांनी भिंग जवळ नेलं. सुरी लागलेली दिसेना. फिल्म गुळगुळीत होती. त्यांनी एकोणतिसावं घेतलं, पुसलं. तेच. अठ्ठावीस. तेच. ते मागे मागे जात राहिले. चेहरा तरुण होत गेला, पुसायला पेन्सिल कमी होत गेली. भुवईला कुठंच हात लावलेला नव्हता. सुरकुत्या त्यांनी घालवल्या होत्या. तीळ त्यांनी घालवला होता. भुवई जोडण्याचं काम त्यांच्याकडे आलंच नव्हतं.

ते सहाव्या वर्षाच्या निगेटिव्हपाशी आले. तिथं सुरी होती.

बारीक, आडवे, एकाशेजारी एक असे सात ओरखडे. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत. त्यांच्याच हाताचे. पाचव्यावर होते. चौथ्यावर, तिसऱ्यावर, दुसऱ्यावर, पहिल्यावर. बरोबर त्याच जागी. सातव्यावर नव्हते.

मास्तरांनी सहावं आणि सातवं शेजारी शेजारी ठेवलं. बराच वेळ बघितलं.

“काय झालं, बाबा?”

“सातव्या वर्षी ती स्वतःच जोडून आली.”

“म्हणजे?”

“फोटोला बसली तेव्हाच भुवई पेन्सिलीनं काढलेली होती. मला काही करावं लागलं नाही.” ते थांबले. “मला वाटलं, माझा हात आता भराभर चालतो.”

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग मास्तरांनी सहावं निगेटिव्ह उचललं आणि पालथं केलं. गुळगुळीत बाजू वर आली. चेहरा सुलट झाला. ओरखडे दुसरीकडे गेले.

“डावी,” ते म्हणाले. “तुझं बरोबर.”

ते उजवी म्हणत होते, कारण त्यांना ती काचेवरचीच आठवत होती. खरबरीत बाजूची.

सहाव्या वर्षाच्या फोटोत मुलगीही होती. अख्खी नाही. ती तीन वर्षांची होती आणि कॅमेऱ्याला घाबरून खुर्चीमागे लपली होती. फक्त तिचा हात आला होता, आईच्या खांद्यावर. डाव्या. मुलीनं बोट ठेवून दाखवलं. “हाच द्या.”

सुरीचं काम पुसता येत नाही. पण खरवडलेल्या जागेवर पेन्सिल देता येते. फोटोत तिथं केस नाहीत, कातडी आहे असं दिसेल. मास्तरांनी आधी बाकीची पेन्सिल पुसली. तीळ आला. मग पेन्सिल धरावी म्हणून ओरखड्यांवर पातळ वॉर्निश लावलं आणि सुकू दिलं. पेन्सिलीला टोक केलं. आणि ज्या जागी त्यांनी सहा वर्षं सहा वेळा भुवई जोडली होती, तिथं ती ठिपक्या-ठिपक्यांनी तोडायला बसले. ओरखडे होते तेवढीच जागा. दाण्याच्या बाहेर जायचं नव्हतं. आत कमीही पडायचं नव्हतं. एरवी पाच मिनिटांचं काम. त्यांना दीड तास लागला.

पुतण्यानं निगेटिव्ह मशीनवर चढवलं आणि मोठा फोटो काढून दिला. दुकान बंद करायची वेळ झाली होती, तरी थांबला. कागद बाहेर आला तेव्हा शिंपीही रस्ता ओलांडून आला होता. चौघं काउंटरभोवती उभी राहिली.

तिचं वय तेव्हा तिशीच्या आसपास असेल. डोळ्यांखाली थोडं काळं. रात्रीच्या खेळाची ड्यूटी असायची. एक भुवई मध्येच थांबलेली आणि पुन्हा सुरू झालेली. त्यामुळे ती कुणाला तरी काहीतरी विचारतेय असं वाटत होतं.

मुलगी बघत राहिली. मग म्हणाली, “हो.” एवढंच.

शिंप्यानं फोटो हातात घेतला. दिव्याखाली धरला. मास्तरांना वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. खळीबद्दल, धनुष्याबद्दल, काहीही. ते वाट बघत होते.

“खांदा खाली आहे,” शिंपी म्हणाला. “हिच्या हातामुळे कळत नाही, पण आहे.”

“असू दे,” मास्तर म्हणाले.

“मी कुठं काय करतोय.” त्यानं फोटो परत दिला.

रविवारी सकाळी मुलगी गेली. फोटो तिनं दोन पुठ्ठ्यांत घालून कपड्यांच्या मध्ये ठेवला. जाताना म्हणाली, “बाबा, जेवत जा.” ते हो म्हणाले. एक प्रत तिनं त्यांच्यासाठी काढून घेतली होती. ती टेबलावर होती, तिरक्या काचेशेजारी. ती कुठं लावायची हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं.

ते तोंड धुवायला गेले. आरशाच्या फळीवर तिच्या वस्तू तशाच होत्या. कंगवा, तेलाची बाटली, भुवईची पेन्सिल. पेन्सिलीचं टोक बोथट झालं होतं. मंगळवारचं.

ती पेन्सिल दर आठ-पंधरा दिवसांनी त्यांच्यापुढे यायची. “अहो, एवढं टोक करून द्या. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही.” ते द्यायचे करून. सुरीनंच, निगेटिव्हच्या पेन्सिलीला करतात तसं, लांब आणि निमुळतं. छत्तीस वर्षं. काय करतेस याचं, असं कधी विचारलं नाही. सगळ्याच बायका वापरतात, म्हणून.

मास्तरांनी सुरी आणली. खिडकीपाशी उभं राहून पेन्सिलीला टोक केलं. बोटावर टेकवून बघितलं. बरं झालं होतं. तुकडे तळहातात गोळा केले. पेन्सिल पुन्हा फळीवर ठेवली, ती ठेवायची तशी, टोक भिंतीकडे करून.

दुपारी शिंपी चहाला आला. स्टुलावर बसला. दोघांनी चहा प्यायला. फोटो टेबलावर होता. शिंप्यानं त्याच्याकडे एकदा बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं.

“काल टीव्हीवर लागला होता,” तो म्हणाला. “तुझ्या धनुष्याचा.”

“बघितलास?”

“बघितला.”

“मग?”

“भुवई बघत बसलो. कुठं जोडलीय का ते.”

“दिसलं?”

“नाही.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. “हात चांगला असेल तिच्या माणसाचा,” ते म्हणाले.